पोहण्याच्या तलावात रोहूचं बीज

गोंडपिपरीजवळच्या सियोनगिरी इंटरनॅशनल स्कूलमध्ये प्रार्थनाघर होतं, थंडगार वर्ग होते, एक घोडा होता आणि फाटकावर देशोदेशीचे झेंडे होते. इंटरनॅशनल म्हणायला पोरंही होती. नदीपल्याडच्या तेलंगणातून तिघं आली होती. आता निळ्या फरशीचा पोहण्याचा तलावही झाला होता आणि तो तपासायला आज नागपूरहून परीक्षक यायचे होते. तलाव पास झाला की जिल्ह्याची स्पर्धा इथेच, आणि अंकुश सर पोहण्याचे कायम शिक्षक. नापास झाला तर सर पुन्हा घोड्याकडे. घोड्याचं आणि त्यांचं मुळीच पटत नव्हतं.

सकाळी गळ्यात नवी शिट्टी अडकवून सर तलावावर आले. पाण्यात एक ढग फिरत होता. वर आभाळ तर निरभ्र. सरांनी वाकून पाहिलं. बोटभर मासे!

काठावर वसतिगृहातल्या उर्वशीची आई, चामोर्शीच्या इंदुताई, रिकामं गंज-पातेलं घेऊन प्रसन्न उभ्या होत्या.

"हे काय केलं, बाई?"

"रोहूचं बीज सोडलं, सर. नवी बोडी अशी रिकामी ठेवते का कोनी? आमच्या गावात तळ्यात पानी भरलं का पयले बीजच सोडतेत."

"बोडी नाई हे! स्विमिंग पूल हाये, पोहाले!"

"मंग? मासे काय चालून राह्यले का?"

क्लोरीन टाकावं तर मासे बाईंच्या डोळ्यांदेखत उलटे होणार. न टाकावं तर घोडा. तेवढ्यात परीक्षकांची गाडी फाटकात शिरली.

"पोरांनो, उतरा!" सर ओरडले. "चादरी, मच्छरदान्या, जे सापडंल ते आना! जित्ते धरा!"

अख्खं वसतिगृह पाण्यात कोसळलं. उर्वशी तळाशी बुडी मारून चादरीचं टोक ओढत होती. तेलंगणातली तिघं तेलुगूत "चेपा! चेपा!", म्हणजे मासा, मासा, असं ओरडत मासे कोपऱ्यात हाकत होती. बादल्या भरू लागल्या, पण रिकाम्या करायच्या कुठे? शाळेत भरलेलं दुसरं पाणी एकच, प्रार्थनाघरातलं बाप्तिस्म्याचं टाकं.

पास्टर श्रीहरींनी बादलीत डोकावलं. "न्या. प्रभूचे पयले शिष्यही मासे धरनारेच होते. पन रविवारच्या आत काढा. ललिताचा बाप्तिस्मा हाये, अन् ते पाली पाहूनच किंचाळते."

शेवटचा मासा निघाला तेव्हा सर चिंब भिजून, खांद्यावर मच्छरदाणी घेऊन परीक्षक हेमराजसाहेबांपुढे उभे राहिले. साहेब कधीचे काठावरून सगळं पाहत होते.

"मास्तर, मी मुख्य एकच पाहतो," साहेब म्हणाले. "कोणी बुडालं तर बाकीचे काय करतील? त्यासाठी रबरी बाहुली बुडवतो. ती काढायला लोक अर्धा दिवस लावतात. तुमच्या पोरांनी तळातून जिवंत मासा वर काढला. आता क्लोरीन टाका. तलाव पास!"

सरांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. तिच्यातून आधी पाणी उडालं, मग एक मासा, मग आवाज.

तबेल्यातून घोडा खिंकाळला. त्यालाही बातमी कळली असावी. इतका खूश तो कधीच वाटला नव्हता.