मिठाचा कोपरा

मित्रांनो, मी एक पिंजरा आहे. पण लगेच तोंड वाकडं करू नका. मी कोणाला कोंडायला नाही, सासरी पोचवायला जन्मलो.

रायपूरजवळच्या बीरगांवच्या मारोती वेल्डरने मला घडवलं. माप घेतलं ते शेजारच्या गवळ्याच्या म्हशीचं! जनावरांच्या डॉक्टर यामिनीताई हसल्या, "मारोतीभाऊ, आपल्याला आणायची ती रानम्हैस आहे. तिची शिंगं तुमच्या घराच्या दारातूनही जायची नाहीत." मग मला कापून रुंद केलं.

छत्तीसगडच्या एका जंगलात एक रानरेडा एकटा उरला होता. त्याच्यासाठी महाराष्ट्राच्या रानातली म्हैस आणायची, असं दोन्ही राज्यांनी मिळून ठरवलं. माझ्या दोन अंगांवर दोन राज्यांची नावं रंगवली. फोटोच्या वेळी प्रत्येक साहेब आपापल्या नावाकडेच उभा राहिला.

मला सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या रानात ठेवलं. दार दोराने वर उचललेलं, आत गवत, कोपऱ्यात मिठाचा खडा. म्हशीने आधी लांबूनच हुंगलं. पुढे मान घातली, मग पुढचे पाय. एका सकाळी ती अख्खी आत येऊन मीठ चाटू लागली. मचाणावर मारोतीने दोर धरला.

"सोडू का, मॅडम?"

ताईंच्या कानाला फोन होता. रायपुरात सरकार बदललं होतं. जुन्या साहेबांची सही नव्यांना चालेना. "नको, भाऊ. नवी परवानगी येऊ द्या."

"अवो, सोताहून आली ना! तिले का मालूम कोनाचं सरकार हाय?"

ताई पुन्हा फोन लावू लागल्या. म्हैस मीठ चाटून मागच्या पावली निघून गेली.

इकडची परवानगी आली, तेव्हा तिकडे निवडणुका लागल्या. तिकडचं जमलं, तर इकडचे साहेब बदलले. शेवटी मला ट्रकवर चढवलं. ती झाडीच्या कडेला उभी होती, मीठ कुठे चाललं म्हणून बघत. जमाखर्च मांडा: फोटो पुष्कळ, म्हैस शून्य.

आता रायपूरच्या शंकर नगरात एका सरकारी ऑफिसामागे पडून आहे. पोटात मोडक्या खुर्च्या आणि गेल्या सरकारचे फलक. मारोती अधूनमधून येऊन दाराच्या खाचेत ग्रीस भरतो. चौकीदार चिडवतो, "क्या भैया, बारात निकलने वाली है?"

"रेडा हाय ना अजून," मारोती म्हणतो. "म्हातारा होऊन राहिला, पन हाय."

मित्रांनो, मला नवा रंग नको. तुमच्यातला कोणीतरी उद्या साहेब होईलच. आधीच्याची सही खोडण्यापूर्वी दारात कोण उभं आहे, तेवढं बघा.

तिने चाटलेल्या कोपऱ्यात मीठ अजून चिकटलेलं आहे. लोखंडाला मीठ सोसत नाही. मी तिथूनच गंजत चाललो आहे.