ग्रहावरचं पाणी

फ्लेक्सवरच्या ग्रहावर पांढरे ढग होते आणि डाव्या कडेला निळा समुद्र. हा ग्रह अजून कोणी पाहिलेला नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. अवकाश दुर्बिणीकडून आम्हाला मिळतं ते एवढंच. ढगांच्या शेजारी डॉ. अमरेश हत्तुरे यांचा फोटो होता. तो ग्रहापेक्षा मोठा होता.

सर मूळचे पुण्यातल्या नव्हे, इथल्या शुक्रवार पेठेतले, म्हणून ग्रहावर पाणी शोधल्याबद्दलचा सत्कारही इथेच. मी त्यांची विद्यार्थिनी. दुर्बिणीच्या माहितीवरचं सगळं काम माझं, पेपरवर पहिलं नावही माझं. पेपर अजून परीक्षकांकडे होता, पण सरांना फेटा बांधून झाला होता.

वैरागहून आलेली माझी गोजरबाई आत्या पहिल्या रांगेतून ओरडली, "व्हय गं सुकन्या, तितं येवढ्या लांब पाणी घावलं, आन् हितं नळाला पाचव्या दिवशी येतंय की!"

लोक हसले. सरही हसले. हसू कोणावर आहे हे त्यांना सहसा कळत नाही.

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना आम्ही चार वेळा उजेड मोजला होता. त्या उजेडात दोनदा पाण्याची खूण दिसली, दोनदा नाही. दिसली तेव्हा ताऱ्यावर डाग होते, आणि या जातीच्या ताऱ्यावरचे डाग इतके थंड असतात की त्यांच्यातच वाफ असते. म्हणजे पाणी ताऱ्याचं. सरांनी मात्र पाणी न दाखवणारी दोन निरीक्षणं 'खराब' म्हणून गाळली. मी उन्हाळ्यापासून उद्या बोलू, उद्या बोलू म्हणत होते. पुण्यातली माझी कायमची नोकरी त्यांच्या शिफारशीवर अडली होती.

सत्कारानंतर मागच्या खोलीत सर चहा बशीत ओतत म्हणाले, "परीक्षक विचारतायत, दोन निरीक्षणं का गाळली? लिहून टाक, दुर्बीण हलली होती."

"हलली नव्हती, सर."

"अगं, ती आकाशात लाखो मैल लांब. कोण बघायला जातंय?"

"कोणीही. तिच्या हालचालीची नोंद सगळ्या जगाला खुली असते."

सरांनी बशी खाली ठेवली. "पुण्याला तुझी शिफारस अजून गेलेली नाही, बरं का."

"पाठवू नका," मी म्हणाले. "पेपर मी मागे घेतेय."