हेलसिंकीला नेलेला नारळ

गावात कुणी विचारलं, "गीताबाई, हेलसिंकीत काय काय बघितलं?" तर मी म्हणते, आदी बस, मग सांगते. उभ्या उभ्या सांगायची गोष्ट न्हाई ती. आन मधी मधी बोललेलं मला खपत न्हाई, हे आत्ताच सांगून ठेवते.

माझी लेक विजयमाला तिकडं दवाखान्यात नर्स हाय. औंदा तिनं तिकीट धाडलं. म्हणली, "आई, उन्हाळ्यात ये, समदं शहर दाखवते." मालक म्हणले, "म्हशी कोण बघंल?" म्हणलं, तुमी बघा. आन लागले तयारीला.

आमच्या युसूफ वडगावात रीत हाय. कुणी लांबच्या देवाला निघालं की गल्लीतल्या बाया आपल्या नावाचा नारळ सोबत देतात. तिथं फोडायचा आन परसाद आणून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा. एवढ्या लांब चालली म्हणजे देव असणारच, असं धरून बाया नारळ घेऊन आल्या. मी हात जोडले. म्हणलं, इमानात वजन भरत न्हाई गं बायांनो. शेजारची अस्मा हसली. "माझ्याकडून नुसती दुवा न्या मावशी, तिचं वजन होत न्हाई." गुणाची हाय पोरगी.

पण निघायच्या दिवशी सकाळी बघते तर मधल्या भिताडावर एक नारळ ठिवलेला, पाची बोटांनी हळदकुंकू लावून. भिताडापल्याड माझी थोरली जाऊ ऱ्हाती, विमलअक्का.

आता अक्काचं सांगायला पायजे. तिला लेकरू न्हाई. मी दिवसभर रानात, म्हणून विजू तिच्याच मांडीवर वाढली. तिला 'मोठीआई' म्हणायची. विजू परदेशी निघाली तवा अक्का चार बायांत मला म्हणली, "एवढ्या लांब पोर धाडतीस, तुला काळीज हाय का दगड?" मी काय ऐकून घेणारी हाय का? म्हणलं, "माझी पोर हाय, माझं मी बघीन." झालं. तवापासून अबोला. तिच्या चुलीचा धूर माझ्या घरात येतो, माझ्या फोडणीनं तिला ठसका लागतो, पण शब्द म्हणून इकडचा तिकडं जात न्हाई.

आन आता हा नारळ. मी उचलला तवा ती दाराआडून बघत व्हती, तिचा पदर मला दिसला. मनात म्हणलं, ह्याचा परसाद अक्काच्या हातात पडला तर आमचं बोलणं सुटंल. न्हाई पडला तर हा अबोला आमच्या दोघींसोबतच सरणावर जायचा. मी पिशवीतल्या दोन साड्या काढल्या आन नारळ बसवला.

अस्माच्या नवऱ्यानं, ख्वाजानं, जीपनं मांजरसुंब्याला सोडलं, तिथून मुंबईची गाडी, आन मग इमान. इमानाचं काय सांगू, बसून बसून कंबर गेली.

हेलसिंकी मात्र देखणं हाय. लई देखणं. रस्ते धुतल्यावानी, ट्राम हिरवी-पिवळी, आन कुणी कुणावर वरडत न्हाई. मला पहिल्या दिवशी वाटलं, गावात कुणी वारलं का काय. दिवस तर मावळायचं नावच घेत न्हाई. जेवून आवरून बसलं तरी बाहेर आपलं चारचं ऊन. दिवेलागणीला हात जोडायची सवय, पण दिवेलागण झाली तर जोडायचे ना.

विजू सुट्टी काढून फिरवायला लागली. नारळ माझ्या पिशवीत. पहिलं नेलं त्या मोठ्या पांढऱ्या चर्चला. भल्यामोठ्या चौकात उंच पायऱ्या, पायऱ्यांवर पोरंपोरी ऊन खात बसलेली. मी वर चढले, उंबऱ्याचा दगड हातानं चाचपला. चांगला टणक व्हता. पिशवीत हात घातला तर विजूनं मनगट धरलं.

"आई, हितं नारळ फोडत न्हाईत."

"मग कुठं फोडतात?"

"कुठंच न्हाई."

आसं कसं गाव असंल? मी पिशवी बंद केली, पण ऐकलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी खडकातलं चर्च. खडक पोखरून आत देऊळ केलंय, आन वर छत तांब्याचं. आत गेलं की घंगाळात बसल्यावानी वाटतं. मला तर आपल्या डोंगरातल्या कपिलधारेच्या देवळाची आठवण आली, डोळे भरले. हितला देव पावणार, मी म्हणलं. पण आत एवढी शांतता की कुणी शिंकलं तरी माना वळत्यात. तिथं नारळ आपटला असता तर पोलीसच आले असते. विजूनं पिशवी स्वतःकडं घेतली.

मग एक वाचनालय दाखवलं. वाचनालयात शिलाई मशीन! कुणीबी यावं, फुकट शिवावं. मी विजूच्या घरचा पडदा नेला आन तिथं बसून दुमड मारली. शेजारचा एक दाढीवाला पोरगा आपली पँट उसवून बसला व्हता, टाका धड जमेना त्याला. मी त्याच्या हातातून ओढून घेतली आन शिवून दिली. विजू म्हणली, "आई, असं कुणाचं वढून घ्यायचं नसतं." पोरगा तर खुशीत गेला.

बंदरावरच्या बाजारात भाकरी सोडून बसले, तर एक पांढरा पक्षी आला आन भाकरी घेऊन उडाला. कोंबडीएवढा पक्षी. मी त्याला गावच्या समद्या शिव्या दिल्या. विजू तोंड दाबून हसत व्हती. लेक अशी हसताना मी लई वर्षांनी बघितली, मग म्हणलं, जाऊ दे भाकरी.

त्याच बंदरातून बोटीनं किल्ल्यावर गेलो. समुद्रातल्या बेटांवर किल्ला हाय. धारूरचा किल्ला उचलून पाण्यात ठिवावा तसा. तोफा, बुरूज, भुयारं, आन लोक गवतावर लोळत्यात. तिथं पार कडेला काळा खडक व्हता, खाली समुद्र, वर आभाळ. मी विजूकडं बघितलं. तिनं इकडं तिकडं बघितलं, जवळ कुणी नव्हतं. मग आपणच पिशवीतून नारळ काढला आन माझ्या हातात दिला.

"मोठीआईचा हाय ना?" म्हणली.

मी तिला सांगितलं नव्हतं. हळदकुंकवाची पाची बोटं तिनं वळखली.

मी पदर डोक्यावर घेतला. म्हणलं, हितला जो कुणी देव असशील, आमची भाषा तुला कळो न कळो, विमलबाईची ही लेक सुखात ठेव. एका फटक्यात दोन भकलं झाली. पाणी समुद्राला दिलं.

आता परसाद. गावी जायला बरेच दिवस व्हते. ओलं खोबरं टिकणार न्हाई, वाळवायला पायजे. पण तिकडचं ऊन नुसतं दिसायला, गोठ्यातल्या बल्बाएवढीबी ऊब न्हाई. तवा मला त्या लाकडाच्या खोलीची आठवण झाली. विजूच्या इमारतीत तळाला एक खोली हाय, तापवलेली. लोक आत जाऊन घाम काढत्यात. सौना म्हणत्यात. म्हणलं, ह्याच्यापेक्षा चांगली भट्टी कुठं मिळायची? विजू ड्युटीवर गेली. मी खोबऱ्याचे काप केले, स्टीलच्या ताटात मांडले, खाली गेले आन वरच्या फळीवर ताट ठेवून आले. मग घरी येऊन चहा ठिवला. चहा पिता पिता डोळा लागला.

जाग आली तशी पळत खाली गेले, दार उघडलं. आत माझ्या वयाच्या तीन बाया. अंगावर सूत न्हाई आन तोंडात परसाद. ताट मोकळं.

मी दारातच बसले. रडायला आलं मला. समुद्र वलांडून नेलेला नारळ, अक्काच्या बोटांचं कुंकू, समदं तीन उघड्या बायांच्या पोटात. मी मराठीतनं बोलायला लागले. काय काय बोलले ते विचारू नका. त्यांना शब्द कळंना, पण चूक कळली. एकीनं टॉवेल गुंडाळला, माझ्याजवळ खाली बसली आन माझा हात धरला. दुसरीनं पाणी आणून दिलं. तिसरीच्या हातात अर्धा काप उरला व्हता, तो तिनं माझ्या तळहातावर ठिवला. तो मी खाल्ला. काय करणार? खरपूस झाला व्हता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी त्या तिघी दारात उभ्या. अंगभर कपडे व्हते, म्हणून आदी वळखूच आल्या न्हाईत. हातात आमचं ताट, आन ताटात वेलदोड्याचे टोस्ट, घरी भाजलेले. मी विजूला म्हणलं, "बघ, ह्यांच्यातबी ताट मोकळं परत देत न्हाईत."

गावी आले. गल्ली गोळा झाली, अस्मानं दुवेचा हिशेब मागितला, मालकांनी म्हशींचा दिला. समदे गेल्यावर मी नारळाची करवंटी आन टोस्टची पिशवी घेऊन भिताडाजवळ उभी ऱ्हायले. पल्याड अक्का दळण निवडत व्हती. मी कुणाकडं न बघता समदं सांगितलं. चर्च, खडक, समुद्र, त्या बाया, आन परसाद कसा संपला ते. करवंटी भिताडावर ठिवली आन म्हणलं, "एवढंच आलंय."

अक्कानं करवंटी हातात घेतली. आतून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ही आत जाणार आन दार लावणार.

"पुरला का त्यांना?" अक्का म्हणली.

एवढ्या वर्षांनी पहिला शब्द तो.  मी मानेनंच न्हाई म्हणलं.

"एका नारळात काय पुरतंय," म्हणून तिनं सूप बाजूला ठिवलं, पदर खोचला आन भिताडाला वळसा घालून माझ्या दारात आली. "चहा ठेव. ते टोस्ट बघू. आन पुढल्या बारीला दोन नारळ घेऊ. त्या तिघी, विजू, आन आपुन दोघी."