लोरिसचं ताट

भुतांच्या गोष्टी सांगून मी पोट भरते. आमच्या खोऱ्यात पर्यटनाचं एक छोटंसं कार्यालय आहे. सुट्टीच्या दिवशी तोरीनो शहरातून बस येते आणि त्यातली दहा-बारा माणसं कार्यालय माझ्या हवाली करतं. त्यांना घेऊन मी आमच्या पियानफ्रेद्दो गावाच्या वरच्या आळीत चढते. आधी बुरूज, तिथं एका नवरीला भिंतीत चिणलं. मग ओढ्याकाठचा दगड, तिथं गिरणीवाल्याची बायको अजून धुणं धुते. मग खेचरांची जुनी वाट. त्या वाटेनं मेलेल्यांची मिरवणूक उतरते, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. एका बाईनं खिडकीतून विस्तव मागितला, त्यांनी तिला एक मेणबत्ती दिली, आणि सकाळी बघते तर ते माणसाच्या हाताचं हाड. इथं बायका एकमेकींचा दंड धरतात. शेवटी जुन्या गिरणीत टेबल मांडलेलं असतं, उकडलेले चेस्टनट आणि पेलाभर लाल वाइन. ते तिकिटातच धरलेलं आहे.

पूर्वी हे सांगताना माझ्याही अंगावर काटा यायचा. आता येत नाही. तोंड सांगत असतं आणि मी बाजूला उभी असते.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात माझ्या बहिणीचा मुलगा लोरिस शेळ्या उतरवायला वरच्या कुरणावर गेला. चोवीस वर्षांचा होता. दुपारी धुकं आलं. शेळ्या संध्याकाळी आपल्या आपण खाली आल्या, तो आला नाही. नऊ दिवस शोधलं. कुत्री आणली, हेलिकॉप्टर आणलं. एक टोपीसुद्धा सापडली नाही.

माझी बहीण तेर्सिल्ला माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, विधवा. तेव्हापासून ती पलंगावर झोपलेली नाही. स्वयंपाकघरात चुलीपाशी खुर्चीत बसते, अंगात कोट, पायात बूट. हाक आली तर उठून धावता यावं म्हणून. रडताना मी तिला पाहिलेलं नाही. मीही रडले नाही. आम्ही दोघी रोज एकमेकींना "जेवलीस का" विचारायचो आणि दोघी "हो" म्हणायचो.

आमच्याकडे दोन नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. पहाटे उठून अंथरुणं नीट घालायची, चुलीत लाकूड सारायचं, टेबलावर खाणं मांडायचं, दार नुसतं ओढून घ्यायचं, कडी लावायची नाही आणि सगळ्यांनी दफनभूमीत निघून जायचं. बाराची घंटा होईपर्यंत घर त्यांचं. लांबून चालून आलेले असतात बिचारे, त्यांना टेकायला जागा हवी. दुपारी परत आल्यावर ते खाणं आपणच खायचं. त्यांनी खाल्लं का, हे कुणी विचारत नाही. ते वास घेऊनच तृप्त होतात, असं आई सांगायची.

तेर्सिल्ला मात्र ताट बघायची.

पहिल्याच वर्षी तिनं आई-बाबांसाठी दोन वाट्या मांडल्या, नवऱ्यासाठी तिसरी आणि चुलीजवळच्या जागेवर लोरिससाठी ताट. दुपारी ताटातले चेस्टनट जसेच्या तसे होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. आला नाही. म्हणजे मेलेला नाही."

"अगं ताई, आई-बाबांच्या वाट्यांनाही कुणी हात लावलेला नाही. मग तेही जिवंत का?"

"म्हातारी माणसं ती. बाबांना तर शेवटी दोन घाससुद्धा जायचे नाहीत. लोरिस भुकेचा कच्चा आहे. तो आला असता तर भांडंसुद्धा चाटून ठेवलं असतं."

वर्षामागून वर्षं गेली, ताट भरलेलंच राहिलं आणि तिची खात्री पक्की होत गेली. गावच्या चर्चचे फादर सिल्वानो तिला दरवर्षी विचारायचे, "तेर्सिल्लाबाई, लोरिसच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा ठेवायची का?" ती म्हणायची, "जित्या माणसाची मिस्सा म्हणता? पाप लागेल तुम्हाला, फादर." फादर मान डोलवायचे. ते समजूतदार आहेत. दफनभूमीत ते प्रवचन बोलत नाहीत, गातात. हे त्यांनी त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या फादरांकडून घेतलं. मधेच बोलतात, मधेच सूर धरतात, लोक मागून ओळ उचलतात. देवानं माझ्यात अजून काही जिवंत ठेवलं असेल, तर ते त्या वेळी थोडं हलतं.

या वर्षी नेमकी त्याच दिवशी कार्यालयानं बस ठरवली. मी म्हटलं, आज आम्ही सगळे दफनभूमीत असतो. कार्यालयातला पोरगेला साहेब म्हणाला, "तेच तर! मृतांच्या दिवशी मृतांचं गाव. आठवडाभर आधीच सगळी तिकिटं गेली." तेर्सिल्ला म्हणाली, "जा तू, कामाला नाही म्हणू नये." ती एकटीच काठी टेकत वर दफनभूमीत गेली.

अकरा जण होते. त्यात तुल्लिओ नावाचे एक निवृत्त ट्रामचालक, सगळ्यांत पुढे चालणारे. बुरुजापाशी म्हणाले, "नवरीला चिणलं? आमच्या वेळी नवरेच चिणले जायचे, बाई, आणि तेही जिवंतपणी." त्यांची बायको म्हणाली, "तुम्हाला चिणायला विटा कुणी फुकट घालवल्या नसत्या." सगळे हसले. मी हसण्याच्या जागी थांबले आणि पुढे निघाले.

खेचरांच्या वाटेवर मी मिरवणुकीची गोष्ट सांगत होते, तेव्हा वरच्या भिंतीपलीकडून फादरांचा आवाज आला.

*थकलेल्यांनो, दार तुमच्यासाठी लोटलेलं आहे,*
*चूल तुमच्यासाठी ऊन आहे…*

आणि मागून सगळ्या गावाचा आवाज. "वा!" तुल्लिओ म्हणाले. "आवाजसुद्धा लावलाय! किती खर्च करता हो तुम्ही!" मी सांगितलं की ही खरी माणसं आहेत, खरी प्रार्थना आहे. त्यांनी झटकन टोपी काढली. ओशाळले. मग सगळेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीही गोष्ट अर्धी सोडून ऐकत राहिले. तेवढ्या वेळात एक मुलगी घोळक्यातून बाजूला गेली, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

गिरणीशी पोचल्यावर मोजले तर दहा. निळ्या जॅकेटातली मुलगी नव्हती. माणसांना टेबलाशी बसवून मी मागे आले. वाटेपासून जरा आत, पहिलंच घर तेर्सिल्लाचं. दार सताड उघडं होतं.

मुलगी लोरिसच्या जागेवर बसली होती. समोरचं ताट रिकामं. कागदी रुमालावर चेस्टनटच्या सालांचा नीटस ढीग. पेलाही रिकामा. मला बघून ती गोड हसली.

"मी पहिली आले वाटतं! बाकीचे कुठे राहिले? काय सुंदर मांडलंय हो. चूलसुद्धा पेटलेली. मी सकाळपासून उपाशी होते, थांबवलं नाही. चालेल ना?"

शेवटचा थांबा म्हणजे मांडलेलं टेबल, चेस्टनट आणि वाइन, असं मीच सकाळी बसमध्ये सांगितलं होतं. तिची चूक तरी कशी म्हणू?

"हे टेबल तुमचं नाही," मी म्हटलं. "हे घर आहे. चला."

तिला कळलं असावं, कारण ती पांढरी पडली. "कुणाचं होतं?" तिनं विचारलं. मी दार ओढून घेतलं. तिला गिरणीत सोडलं, तिथल्या पातेल्यातले दोन मुठी चेस्टनट एप्रनच्या खिशात भरले आणि एक वाइनची बाटली उचलली. बाराला दहा मिनिटं होती. तेच चेस्टनट, त्याच झाडांचे, मीच दोन्हीकडे उकडले होते. ताट भरायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी टेबलापाशी उभी राहिले. खिशात ऊन चेस्टनट, समोर ताट. वाटलं, भरलं की सातवं वर्ष सुरू. पुन्हा खुर्ची, पुन्हा कोट, पुन्हा "जेवलीस का". पुन्हा ती हाक, जी येणार नाही हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मी काही ठरवलं असं म्हणवत नाही. नुसती उभी राहिले. हात खिशातून बाहेर आला नाही. घंटा वाजली, मी बाटली घेऊन अंगणात आले आणि वाटेवर तेर्सिल्ला दिसली.

ती माझ्या बाजूनं आत गेली. मी दारातच थांबले. तिनं काठी भिंतीला टेकवली, ताटाकडे बघितलं आणि बघतच राहिली. मग म्हणाली, "खाल्लंय, निवेस."

मी बाटली एप्रनआड धरली.

"सगळं खाल्लंय."

ती खुर्चीत बसली. वाकून बुटांचे बंद सोडायला लागली. बोटं वळत नव्हती, तरी मला हात लावू दिला नाही. एक बूट काढला, मग दुसरा. पायमोजे टाचेला फाटलेले होते. पाय चुलीकडे करून ती म्हणाली, "जा तू. तुझी माणसं वाट बघत असतील."

मी गेले. अजून त्याची लाज वाटते, पण मी गेले. तुल्लिओ ओरडले, "बाई, लवकर या, वाइनलासुद्धा भूत लागलंय, आपोआप संपतेय!" मी वाइन ओतली, पेले धुतले, बसपर्यंत पोचवून आले. निळ्या जॅकेटातली मुलगी खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मी हात हलवला. दीड वाजता बस गेली.

परत आले तेव्हा तेर्सिल्ला तशीच बसली होती, अनवाणी. सालांचा ढीग तिच्या मांडीवर होता.

"ताई," मी म्हटलं, "तो आला नव्हता. बसमधली एक मुलगी चुकून आत शिरली. तिला वाटलं, आमचा खाण्याचा थांबा आहे. तिनं खाल्लं." थांबले असते तर उरलेलं निघालं नसतं, म्हणून एका दमात पुढचंही सांगितलं. "आणि मला ताट पुन्हा भरता येत होतं. चेस्टनट माझ्या खिशात होते. मी भरलं नाही."

चुलीत लाकूड फुटलं. ती सालं बोटानं चिवडत होती.

"लोरिसनं जन्मात कधी सालं गोळा करून ठेवली नाहीत," ती म्हणाली. "चुलीत फेकायचा, निम्मी बाहेर पडायची. ढीग बघितला तेव्हाच माझ्या मनात आलं होतं."

"मग मला का म्हणालीस, खाल्लंय म्हणून?"

"ढीग नंतर दिसला. आधी ताट दिसलं." आवाज सपाटच होता, दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसा. "ताट रिकामं बघितलं ना, निवेस, तेव्हा मला बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. आईला. मुलगा मेला हे कळल्यावर आईला बरं वाटलं. आता ते मला परत आत घालता येत नाही."

मी तिच्या पायाशी खाली बसले. तिचे पाय हातात घेतले, गार होते. कितीतरी दिवसांत मी तिला हात लावला नव्हता. तिनं पाय काढून घेतले नाहीत.

"माझ्यावर रागावलीस?"

"रागावेन. आज जमत नाहीये." मग विचारलं, "ती पोर कशी होती?"

"साधी. पंचविशीतली असेल. सकाळपासून उपाशी होती म्हणाली."

"पोटभर होते ना चेस्टनट?"

"भरपूर होते."

"मग ठीक झालं." ती खुर्चीला रेटा देऊन उठली. "माझ्या चपला दे पलंगाखालच्या. बूट नकोत आता. फादरांकडे जाऊन येऊ."

फादर सिल्वानो जेवायला बसले होते, गळ्यात रुमाल खोचलेला. सकाळभर गाऊन आवाज बसलेला. आम्हाला दोघींना दारात बघून ते घाईनं उठायला लागले.

"बसा, बसा," तेर्सिल्ला म्हणाली. "लोरिससाठी मिस्सा ठेवायची आहे."

फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी कपाटातून वही काढली, चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

"तेर्सिल्लाबाई, तारीख काय घालू? कोणत्या दिवशी गेला म्हणायचं?"

त्या दिवशी, की नवव्या दिवशी, की कधी पाचव्या रात्री थंडीत, हे देवालाच माहीत. तेर्सिल्ला विचार करत राहिली, ओठ हलत होते, जणू दिवस उलटे मोजत होती. शेवटी म्हणाली, "मला नाही माहीत, फादर."

फादरांनी वही मिटली. "देवाला माहीत आहे, ते पुरे. तारखेची जागा मी कोरी ठेवतो." मग रुमाल नीट करत घशातल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता आधी बसा दोघी. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

त्यांनी आणखी दोन ताटल्या काढल्या आणि सूप वाढलं. भोपळ्याचं होतं, मीठ कमी. तेर्सिल्लानं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, चमचा उचलला आणि खायला लागली. सावकाश, मान वर न करता. संपल्यावर ताटली पुढे सरकवली. फादरांनी न विचारता पुन्हा भरली.