परक्यांच्या स्वप्नातले बाबा

चष्म्याच्या दुकानात दुपारी सामसूम असते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या आणि जेवणानंतर तिथेच टेबलावर डोकं टेकून डुलकी काढायची, हा माझा शिरस्ता. डुलकीत जे दिसेल ते मी ब्लॉगवर लिहायची. बहुतेक वेळा बाबाच दिसायचे. पाण्यावर खुर्ची टाकून बसलेले, नाहीतर ढगांना इस्त्री करत कुरकुरणारे. वाचक मोजकेच, पण घरचे असल्यासारखे: एक बसचालक, एक निवृत्त शिक्षिका आणि स्वतःला ‘आळशी’ म्हणवणारी एक बाई. “बाबांना सांगा, आमच्याकडचेही दोन ढग चुरगळलेत,” असं काहीबाही लिहायचे.

मग बाबा वारले, आणि मला स्वप्नं पडायचीच थांबली. डोळा लागायचा, पण आत नुसता अंधार. न पडलेली स्वप्नं रचून लिहिणं मला जमणारं नव्हतं, आणि बाबा गेल्याचं सांगायचा धीर होईना. ब्लॉग तसाच पडून राहिला.

वाचक मात्र जागचे हलले नाहीत. माझ्या शेवटच्या स्वप्नाखाली ते आपापली स्वप्नं लिहू लागले. मी गुपचूप वाचायची. एके दुपारी बसचालकाने लिहिलं, “काल ताईंचे बाबा माझ्या बसमध्ये चढले. बस समुद्राखालून चालली होती, मासे बाजूला सरकून वाट देत होते. बाबा म्हणाले, सावकाश घे रे, कुठे आग लागलीय!” शिक्षिकेच्या स्वप्नात ते वर्गात मागच्या बाकावर घोरत होते. आळशीबाईकडे तर चक्क भांडी घासून गेले.

माझं डोकंच फिरलं. मी सख्खी मुलगी रोज डोळे मिटून वाट बघतेय, आणि हे गृहस्थ जगाची भांडी घासत फिरतायत! मी तिरमिरीत विचारलं, “कसे दिसतात हो बाबा?” त्यांचा फोटो मी कधी टाकला नव्हता, वर्णनही केलं नव्हतं.

“उंच, टक्कल पडलेले,” बसचालकाने लिहिलं.

“छे, ठेंगणे. झुपकेदार मिशा,” शिक्षिका म्हणाली. आळशीबाईच्या मते त्यांना पांढरी दाढी होती.

यातले कुणीच माझे बाबा नव्हते. राग कुठल्या कुठे गेला आणि रडू फुटलं. ते माझ्याकडे आले नव्हतेच, पण कुणाकडेच गेले नव्हते.

मग मी सांगूनच टाकलं. “बाबा जाऊन बरेच महिने झाले. तुमच्याकडे येतात ते माझे नाहीत.”

मी गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा घासायला घेतल्या. शेवटी बसचालकाने लिहिलं, “ताई, मग ते माझेच असणार. मी लहान असतानाच गेले, चेहराही आठवत नव्हता. तुमचं वाचता वाचता दिसायला लागला. मला वाटलं तुमचेच, म्हणून मी ओळख दाखवली नाही. आता दिसले तर हाक मारीन.”

मी तिथेच बसून लिहायला घेतलं. स्वप्न पडलं नव्हतं, आठवत होतं तेच लिहिलं. बाबा कसे शिंकायचे, कशावर चिडायचे, जिना चढताना स्वतःशी काय पुटपुटायचे. सगळं लिहिलं. चेहरा तेवढा लिहिला नाही. ती जागा कुणाला तरी लागेल.