वीरप्पाच्या नावाचं रगत

शाळेत रगत तपासणारे आले त्या दिवशी वीरप्पाच्या घरात सकाळधरनं भांडण. सून शिवलीला आधार कार्ड घेऊन दारात उभी आन् वीरप्पा ओट्यावरनं हलंना.

"मामा, साठीच्या पुढच्या समद्यांचं तपासायलेत. एक सुई टोचून घ्यायची."

"थोरल्या भावानं तपासलं, वर्षात पाय कापला. तपासलं की कायबी काढतेत."

शेवटी कार्ड खिशात घातलं आन् शाळा सोडून थेट माझ्याकडं आला. लहानपणापासनं आमी संगं.

"गुरुलिंगा, माझ्या नावानं तू जा. तुला कशाचंच भ्या न्हाय."

मला फुशारकी लई. त्याचं कार्ड घेऊन गेलो. टोपी घातली की समदे म्हातारे सारखेच दिसतेत. लिहून घेणाऱ्या पोरीनं मान वर केली न्हाय. माझ्या नावानं मात्र टोचून घेतलं न्हाय. एका दिवसात दोनदा कोण टोचून घेतंय?

चार दिवसांनी कागद आला. साखर साडेतीनशेच्या वर. शिवलीलानं सासऱ्याला मुरुम गावच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं कागद बघून गोळ्या लिहिल्या. खरं सांगितलं तर सून बोलंल, म्हणून वीरप्पा मुकाट गोळ्या खायला लागला. "गोळीनं मरतोय व्हय?" म्हणायचा.

आन् म्या? खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. शेत दुसऱ्याच्या नावावर करावं तसा रोग त्याच्या नावावर गेला, असं धरून चाललो. बंडीच्या खिशात गुळाचा खडा तसाच. पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलेलं, ते चिघळत चाललेलं, त्याला चिंधी बांधून हिंडत हुतो. आता सांगायला लाज वाटती.

दोन म्हयन्यांनी सोयाबीन काढायला आलं, ऊन मरणाचं. त्या दिवशी वीरप्पा गोळी खाऊन, न जेवताच रानात आला. अकराच्या सुमाराला बांधावर बसला तो उठलाच न्हाय. दरदरून घाम, हात थरथरायलेले, बोलणं बरळल्यागत. शिवलीला भाकरी घेऊन आली आन् घाबरून गेली.

"साखर वाढली वाटतं. काका, मामाला धरा, आनखी एक गोळी देते."

गोळी तिनं पाकिटातनं काढली बी हुती. म्या तिचा हात धरला.

"देऊ नगं. ह्याला साखरच न्हाय. ते रगत माझं हुतं."

तिनं गोळी पाकिटात परत घातली. मग डॉक्टरचं बोलणं तिला आठवलं. "गोळीनं साखर लई उतरली तर गोड द्या म्हणले हुते. गूळ हाय का?"

माझ्या खिशातला खडा तिनं पाण्यात कालवला, घोटघोट पाजला. बऱ्याच येळानं वीरप्पानं डोळं नीट उघडलं. "काय झालं रं?" म्हणाला, आन् मला रडू आलं.

शिवलीला चिडली न्हाय, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "काका, पाय दाखवा," एवढंच म्हणली. चिंधी सोडली आन् तिनं नाकाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी आमा दोघांला मुरुमला नेलं. डॉक्टरनं पाय बघितला.

"अंगठा काढावा लागेल, आजोबा. दोन महिन्यांमागं रक्त तपासलं असतं तर वाचला असता."

"तपासलं हुतं की," म्या म्हणलो.

डॉक्टरनं कागद मागितला. वीरप्पा शेजारी मान खाली घालून बसलेला. कागद त्याच्याच खिशात हुता, त्याच्याच नावाचा.