लाल ठिपक्याच्या बाटल्या

"भीमराजकाका, हे पाहा, तुमचं नाव!"

प्रियंका मॅडमने कागद त्याच्यापुढे धरला. अगदी तळाशी छापलं होतं, 'पेशींची निगा : भीमराज'. लोहाऱ्याच्या या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाटल्या धुतल्या, पण नाव छापून यायची ही पहिलीच वेळ. भीमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कपाशीवरच्या बोंडअळीला मारणारा विषाणू इथे अळीच्याच पेशींत वाढवून बघत. बिनठिपक्याच्या चार बाटल्यांत तो भरभरून वाढला होता. निंबोळी अर्क घातलेल्या, लाल ठिपक्याच्या चार बाटल्यांत वाढलाच नाही.

"अर्कानं पेशींले ताण बसते, काका. मंग त्या सोतालेच सावरत बसतात, विषाणू वाढतच नाही. उद्या पुसदले शेतकऱ्यांले सांगतो, दोन्ही संग फवारू नका म्हणून."

ताण! कशाचा ताण, ते एकट्या भीमराजलाच ठाऊक. गेल्या शनिवारी पेशींचं सत्तावीस अंशांवर राखलेलं कपाट पुसायला त्याने आठही बाटल्या मागच्या खोलीत नेल्या. चार परत ठेवल्या. मे महिन्याची दुपार, पोटात जेवण. पाच मिनिटं कूलरपुढे टेकतो म्हणाला आणि चक्क घोरला की हो! उठून पाहतो तर लाल ठिपक्याच्या चारही बाटल्या मागच्या खोलीतच, पत्र्याखाली तापत पडलेल्या. गुपचूप कपाटात ठेवल्या आणि तोंड शिवून बसला.

"मॅडम, नाव खोडा माहं."

"काहून?"

त्याने सगळं सांगितलं. घोरण्याचंही सांगितलं. मान काही वर होईना. "लाज वाटून राह्यली होती जी, म्हून बोललो नाही."

प्रियंकाचा चेहरा पडला. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. तिने पुसदला फोन लावून उद्याचं भाषण रद्द केलं, मग विचारलं, "किती वेळ होत्या बाहेर?"

"दीड तास."

"तिथं गरमी किती होती?"

"ते नाही पाह्यलं."

भीमराजने तापमापक उचलला, मागच्या खोलीत स्टूल टाकून बसला. बाहेर तसंच ऊन होतं, घड्याळात तीच वेळ. दर दहा मिनिटांनी तो आपलं नाव छापलेल्या त्याच कागदाच्या पाठीवर आकडा लिहू लागला. शेजारच्या खोलीत कूलर घरघरत होता.

"काका, इकडे येऊन बसा ना. मधून मधून पाहून या."

"दीड तास होऊ द्या, मॅडम."

कपाळाचा घाम कागदावर पडू नये म्हणून त्याने तो बाहीने पुसला आणि लिहिलं, त्रेचाळीस.